एका दिवसात तीन देश: स्टेल्व्हिओ चढण्याआधी

प्रश्न साताऱ्याहून आलाय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नवरा-बायको इन्सब्रुकला उतरणार, तिथे मोटारसायकल भाड्याने घेणार आणि एका दिवसात ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड असं फिरून इटलीतल्या आल्प्समधला स्टेल्व्हिओचा घाट करणार. विचारलंय की सीमेवर काय दाखवावं लागतं, कागद कुठले लागतात, आणि अंबेनळी-वरंधा पावसात चालवलेल्या माणसाला हे जमेल का.

शेवटचं आधी घेतो. जमेल. पण अंबेनळीने तुमच्या हाताला जी सवय लावली आहे तीच तिथे आडवी येते, त्याबद्दल खाली नीट लिहितो. सीमेची मात्र फार काळजी करू नका. मी म्युनिकला राहतो, दर उन्हाळ्यात एकदा तरी हा फेरा होतो, कधी एकटा, कधी भारतातून आलेल्या मित्रांना घेऊन. इतक्या वर्षांत या फेऱ्यावर मला सीमेवर दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा दोन मिनिटांत सोडलं. त्रास झाला तो सीमा ओलांडल्यावर नियम बदलले हे डोक्यातून गेल्यामुळे.

पहिली दुरुस्ती तुमच्या बेतात. इन्सब्रुकहून निघून इन्सब्रुकलाच परत यायचं म्हटलं तर चारशे किलोमीटर होतात, त्यात तीन मोठे घाट. नकाशावर ते शक्य दिसतं, पाठीमागे माणूस बसवून ते करू नये. आदल्या दिवशी दुपारी इन्सब्रुक सोडा, लांडेकवरून नाउडर्सला या आणि तिथे मुक्काम करा. नाउडर्स हे ऑस्ट्रियातलं शेवटचं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण १४०० मीटरवर. तिथून फेरा असा: रेशेन खिंड ओलांडून इटलीत, माल्सवरून प्राड, प्राडहून स्टेल्व्हिओ, माथ्यावरून तीन किलोमीटर पलीकडे उतरून उम्ब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये सांता मारिया, मग ओफेन घाट, झेर्नेझ, श्कुओल, मार्टिना आणि परत नाउडर्स. एकूण १७० किलोमीटरच्या आसपास. आकडा ऐकून हसाल. पुणे-कोल्हापूर याहून लांब आहे आणि ते तुम्ही नाश्त्यापर्यंत उरकता. इथे मात्र सकाळी साडेसातला निघून संध्याकाळी पाचला पोहोचलात तरी चांगलं.

आता कागद. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे तुमचा व्हिसा सिंगल एंट्री असला तरी इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये आणि तिथून ऑस्ट्रियात येताना तो ‘संपत’ नाही. ही शंका मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. पासपोर्ट मात्र मूळचा जवळ ठेवायचा, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून मोबाइलमधला फोटो दाखवायचा नाही. नियमित तपासणी नसली तरी मध्येच कुठेही थांबवून विचारण्याचा अधिकार पोलिसांना असतो.

लायसन्सच्या बाबतीत आपल्या आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट घ्या, एक वर्ष चालतं. हातात आल्यावर तिथल्या तिथे पुस्तिका उघडून बघा: ‘ए’ या वर्गासमोर शिक्का आहे का? मोटारसायकल म्हणजे ‘ए’. माझा एक मित्र फक्त ‘बी’चा शिक्का घेऊन आला होता. त्याच्या मूळ लायसन्सवर गिअरची मोटारसायकल स्पष्ट लिहिलेली होती, तरी भाड्याने देणाऱ्याने चावी दिली नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. परमिट आणि मूळ लायसन्स दोन्ही लागतात, एकटं परमिट म्हणजे नुसता अनुवाद.

भाड्याच्या करारात इटली आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांची परवानगी लेखी आहे का ते वाचा. काउंटरवरचा माणूस ‘हो हो, सगळीकडे चालतं’ म्हणतो त्यावर जाऊ नका. आणि व्हिसासाठी जी प्रवास विमा पॉलिसी काढली असेल तिच्यातले अपवाद बघा. अनेक पॉलिसींमध्ये मोटारसायकल वगळलेली असते किंवा ठराविक सीसीच्या वर वगळलेली असते. हे पान कोणी वाचत नाही.

जर्मनीत राहणारा तुमचा चुलतभाऊ सोबत येणार असं लिहिलंय, आणि तो झुरिकहून गाडी घेणार. त्याला थांबवा. तुम्ही भारतात राहता, तुम्हाला हा प्रश्न नाही. पण जो माणूस युरोपियन युनियनमध्ये राहतो त्याने स्विस नंबरची भाड्याची गाडी ऑस्ट्रिया-इटलीत फिरायला वापरणं सीमाशुल्काच्या नियमात बसत नाही. गाडी ‘आयात’ केली असं धरून कर मागू शकतात. त्याने ऑस्ट्रियात किंवा जर्मनीतच गाडी घ्यावी.

हेल्मेट इथलंच वापरा. पट्ट्याला शिवलेल्या कापडी चिठ्ठीवर गोलात ‘ई’ हे अक्षर हवं. नुसतं आयएसआयचं असेल तर घरी ठेवा, इटलीत त्यावर दंड होऊ शकतो. ऑस्ट्रियात मोटारसायकलवरही प्रथमोपचाराची पेटी सक्तीची आहे. भाड्याच्या गाडीत सीटखाली असते, पण चावी घेताना सीट उचलून खात्री करा.

टोल-स्टिकरचं थोडक्यात: इन्सब्रुक ते लांडेक ऑटोबानने (तिथला द्रुतगती मार्ग) आलात तर ऑस्ट्रियाचं विन्येट लागतं, भाड्याच्या गाडीला बहुतेक वेळा लावलेलं असतं. स्वित्झर्लंडचं ४० फ्रँकचं वार्षिक विन्येट घेऊ नका. ते फक्त त्यांच्या ऑटोबानसाठी आहे आणि आपण एक मीटरही ऑटोबानवर जात नाही.

सकाळी नाउडर्स सोडलं की दहा मिनिटांत रेशेन खिंड, १५०० मीटरच्या किंचित वर. तुम्हाला वाटेल घाट येईल आणि मग सीमा येईल. काहीही येत नाही. जुनी चौकी, निळा फलक, आणि पाट्या अचानक दोन भाषांत. हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, नंतर इटलीकडे गेला. लोक अजून घरात जर्मनच बोलतात, म्हणून प्रत्येक गावाला दोन नावं आहेत. तुमचा नेव्हिगेटर ‘माल्लेस’ म्हणेल आणि मी ‘माल्स’ म्हणतोय, गाव एकच. प्राडचंही तसंच, इटालियनमध्ये प्रातो.

सीमेनंतर लगेच उजवीकडे तलाव आणि त्यात उभा असलेला चर्चचा मनोरा दिसेल. धरणासाठी १९५० साली ग्राउन नावाचं गाव पाण्याखाली गेलं, चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा राहिला. सगळे तिथे हसत फोटो काढतात. मला दर वेळी उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ आठवतं. दहा मिनिटं थांबा, पण जास्त नाही. स्टेल्व्हिओवर दहाच्या आत पोहोचायचंय. त्यानंतर गाड्या, सायकली, बसेस सगळं एकदम येतं, आणि जुलैत दुपारनंतर डोंगरात गडगडाटी पाऊस धरूनच चालायचं. शनिवार-रविवार तर टाळाच. वर्षातून एखादा दिवस तो रस्ता फक्त सायकलींसाठी राखून ठेवतात, तारीख आधी बघून घ्या.

प्राडला टाकी फुल करा. इटलीत पंपावर ‘सेल्फ’ आणि माणसाने भरून द्यायचे असे दोन भाव असतात, दुसरा महाग. आणि इथेच, ऊन असतानाच, जॅकेटच्या आत गरम थर घाला. प्राड ९१५ मीटरवर आणि माथा २७५७ मीटरवर. चोवीस किलोमीटरमध्ये कळसूबाईच्या उंचीपेक्षा जास्त चढण. हिशेबाने बारा अंश तरी कमी होतात, वर वारा वेगळा. खाली २६ असेल तर वर १४, आणि ढग आले तर एक आकडी. बोटं गारठली की क्लच नीट सुटत नाही, आणि क्लच नीट सुटला नाही की काय होतं ते पुढे सांगतो.

हा रस्ता १८२० ते १८२५ मध्ये कार्लो दोनेगानी या अभियंत्याने बांधला. लोम्बार्डी तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होती आणि व्हिएन्नाला मिलानशी जोडणारी वाट हवी होती. आपल्या बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, म्हणजे दोन्ही एकाच पिढीतले. घोड्यांच्या गाड्यांसाठी बांधला म्हणून चढ बेताचा ठेवला आणि त्याची किंमत वळणांत मोजली. प्राडच्या बाजूने ४८ हेअरपिन, म्हणजे रस्ता पार उलटा फिरवणारी वळणं आहेत. प्रत्येकावर नंबर आहे, खाली ४८ पासून सुरू होऊन वर १. ट्राफोई गावापर्यंत झाडीतून सवड मिळते. फ्रान्झेन्सहोहे नावाचं जुनं ठिकाण आलं की समोरची अख्खी भिंत दिसते, रस्त्याच्या घड्या एकावर एक. डावीकडे ऑर्टलर, ३९०५ मीटर, बर्फासकट. बघायचं असेल तर गाडी बाजूला लावून बघा.

आता ती सवय. आपण डावीकडून चालवतो. अंबेनळी चढताना डावं हेअरपिन आतल्या बाजूने येतं, आवळ आणि खडं. उजवं बाहेरून, ऐसपैस. तुमच्या शरीराला हे इतकं ठाऊक आहे की डावं वळण दिसताच खांदा आपोआप वळतो. युरोपात उजवीकडून चालवायचं, म्हणजे सगळं आरशात. डावी वळणं सोपी, उजवी आवळ. ‘उलटं करायचं एवढंच ना’ असं वाटतं, तसं ते नाही, कारण मोटारसायकल डावी-उजवी सारखी नसते. थ्रॉटल उजव्या हातात आहे. हँडल पूर्ण उजवीकडे वळलं की उजवी मूठ पोटाकडे येते, मनगट दुमडतं, आणि थ्रॉटल एकतर बंद होतो नाहीतर झटका देतो. मागचा ब्रेक उजव्या पायात आहे. घाबरून उजवा पाय खाली टाकलात की तो ब्रेक गेला. त्यात वळणाचा अर्धा भाग ओलांडल्यावर उजवी बाजू उताराची होते. पाय टेकायला जातो आणि जमीन अपेक्षेपेक्षा वीतभर खाली असते. अडीचशे किलोची गाडी मग आपल्याला विचारत नाही.

मी पहिल्या वर्षी २२ नंबरला अशीच आडवी केली. पुढे सायकलवाला होता, मी वळणाच्या मध्येच क्लच दाबून रेंगाळलो, गाडी बंद पडली, उजवा पाय हवेत. लागलं नाही. ब्रेकचा लिव्हर तुटला आणि मागून आलेल्या चार डच माणसांनी न बोलता गाडी उभी करून दिली. तेव्हा मला वाटत होतं की कुंभार्ली रात्री उतरलेल्या माणसाला कोणी काय शिकवायचं.

म्हणून उजव्या वळणाला असं करा. वळण यायच्या आधी, सरळ रस्त्यावरच, पहिला गिअर. आपल्या लेनच्या डाव्या बाजूला राहा, मधल्या रेषेच्या अलीकडे. उजव्या खांद्यावरून मान वर करून पुढचा, वरचा रस्ता बघा: कोणी उतरतंय का? घाटाची रचनाच अशी आहे की बहुतेक ठिकाणी दिसतं. बस किंवा कॅम्परव्हॅन उतरत असेल तर वळणाच्या अलीकडे सरळ रस्त्यावर थांबा. त्यांना अख्खं वळण लागतं, आणि वळणात थांबलेली मोटारसायकल ही पडलेलीच धरा. रस्ता मोकळा असेल तर आत लवकर घुसू नका. उशिरा वळा, थ्रॉटल एकसारखा थोडा उघडा, हाफ-क्लच, आणि वेग मागच्या ब्रेकने आवरा. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. नजर चाकापुढच्या डांबरावर पडली की गाडी तिथेच जाते, नजर बाहेर पडायच्या जागेवर ठेवा. सायकलवाला पुढे असेल तर वळणात ओलांडू नका, दोन वळणांमधल्या पट्ट्यात दीड मीटर सोडून जा.

वहिनी मागे बसणार आहेत, त्यांना दोन गोष्टी सांगा. वळणात मागेपुढे न सरकता तुमच्या आतल्या खांद्यावरून बघायचं, आणि फोटोसाठी अचानक हात बाहेर काढायचा नाही. गाडी निवडतानाही हे लक्षात घ्या. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला बीएमडब्ल्यूची सर्वात मोठी जीएस हवी असते. ऑटोबानवर ती सुंदर आहे. ४८ हेअरपिन आणि मागे माणूस असताना साडेसहाशे-सातशे सीसीची, पाय नीट टेकणारी गाडी तुम्हाला दुपारीही हसतमुख ठेवेल.

माथ्यावर जत्रा असते. दुकानं, टी-शर्ट, सॉसेज-पाव, शेकडो मोटारसायकली. शाकाहारी असाल तर वर फार अपेक्षा ठेवू नका. वीस मिनिटं पुरेत. पहिल्या महायुद्धात हीच सैन्याची आघाडी होती आणि त्याआधी ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड तिन्हींच्या हद्दी इथेच, बाजूच्या शिखरावर भिडत होत्या. त्या शिखराचं नावच ‘तीन भाषांचं शिखर’.

बोर्मिओच्या दिशेने तीन किलोमीटर उतरलं की उजवीकडे उम्ब्राइलचा फाटा. हा फाटा चुकू नका, चुकलात तर थेट बोर्मिओ. खिंड २५०१ मीटरवर, स्वित्झर्लंडमधली सर्वात उंच डांबरी खिंड, आणि शेवटचा मातीचा तुकडाही २०१५ साली डांबरी झाला. चौकीची छोटी इमारत आहे. तिथे गाडी बाजूला लावा, पासपोर्टसाठी नाही, मोबाइलसाठी. ऑस्ट्रियाचं सिम घेतलं असेल तर युरोपियन युनियनमधलं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला लागू होत नाही. डेटा रोमिंग बंद करा, नकाशा आदल्या रात्री ऑफलाइन उतरवून ठेवा. माझ्या एका सोबत्याने सांता मारियाला पोहोचेपर्यंत घरच्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. त्या कॉलच्या बिलात दुसऱ्या दिवशीचं जेवण झालं असतं.

दुसरं, वेग. ऑस्ट्रियात गावाबाहेर १००, इटलीत ९०, इथे ८०. गावात तिन्हीकडे ५० आणि स्विस पाटीवर ५० म्हणजे ५० च. गावात मर्यादेच्या ६ ते १० किलोमीटर वर गेलात तर १२० फ्रँक, ११ ते १५ वर गेलात तर २५०. हे मोजलेल्या वेगातून यंत्राच्या चुकीची सवलत वजा करून. रडार कुठे आहे ते सांगणारं अॅप वापरणंही गुन्हा आहे. दंडाचं पत्र भाड्याने देणाऱ्याकडे जातं, तो तुमचं नाव कळवतो आणि वर स्वतःचं शुल्क लावतो. तुम्ही साताऱ्यात असताना कार्डावरून पैसे जातात.

सिग्नलच्या रांगेत गाड्यांच्या मधून पुढे जाणं इथे चालत नाही. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो ट्रॅक्टर का असेना. आणि निळ्या फलकावर पिवळं शिंग असेल तर तो टपाल-बसचा डोंगरी रस्ता. बस आली की तिचा हक्क पहिला, आणि ड्रायव्हर हाताने मागे घ्या म्हणाला तर घ्यायचं.

उम्ब्राइलची उतरण अरुंद आहे पण गर्दी नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर उतरा. कुरणं लागली की गाईंचं शेण आणि रस्त्यात लोखंडी जाळ्या येतात, जाळी सरळ ओलांडायची, गाडी झुकलेली नको. डांबरावर काळे चमकदार पट्टे दिसले, भेगा बुजवलेले, तर पावसात त्यावर ब्रेक नको.

जेवण सांता मारियात. इथले लोक रोमान्श बोलतात, पैसे फ्रँकमध्ये. युरोच्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेतात, सुटे फ्रँक देतात, ते मग उरतात. कार्ड वापरा. अक्रोडाचा एक जड केक मिळतो, दोघांत एक पुरे.

इथे एक निर्णय घ्यायचा. थकला असाल, ढग भरले असतील, तर उजवीकडे वळा: म्युस्टाइर, मग परत इटली, ग्लुर्न्स, रेशेन. तासाभरात खोलीवर. म्युस्टाइरला जुना मठ आहे, आतली भित्तिचित्रं शार्लमेन सम्राटाच्या काळातली, १९८३ पासून जागतिक वारसा. पाऊस पडत असताना तास काढायला याहून चांगली जागा नाही. ताकद असेल तर डावीकडे, ओफेन घाट, २१४९ मीटर. तो रस्ता १९१४ साली स्थापन झालेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानातून जातो. रुंद, मोकळी वळणं, आणि म्हणूनच ८० विसरायला होतं. थांबायचं ते फक्त ठरवून दिलेल्या जागांवर. झेर्नेझपासून मार्टिनापर्यंत इन नदीच्या कडेने, तेच पाणी पुढे इन्सब्रुकला जातं. हा पट्टा सोपा आहे, आणि डोळा लागतो तो इथेच. श्कुओलला कॉफी घ्या.

मार्टिनाला पूल, चौकी, आणि इथे माणसं असतात. हळू व्हा, हेल्मेटची काच वर करा, चेहरा दिसू द्या. बहुतेक वेळा हात हलवून जा म्हणतात. विचारलंच तर बॅगेत काय घेतलंत ते सरळ सांगा.

चौकीनंतर नॉर्बर्ट्सहोहे नावाची छोटी टेकडी चढून नाउडर्स, सात-आठ किलोमीटर, त्यात दहा-अकरा हेअरपिन. रुंद, नीट आखलेली, वाहतूक तुरळक. मी पाहुण्यांना आदल्या संध्याकाळी, बॅगा खोलीत टाकल्या की, इथेच आणतो. वहिनींना हॉटेलवर राहू द्या. एकटे खाली मार्टिनापर्यंत जा आणि वर या, मग पुन्हा एकदा. फक्त उजवी वळणं मोजा. पाचव्या-सहाव्या वळणाला मान आपोआप उजव्या खांद्यावर जायला लागली तर सकाळी स्टेल्व्हिओला जा. नाही लागली तर तिसरी फेरी मारा. पासपोर्ट खिशात असू द्या, खाली चौकी आहेच.